श्रीखंडाच्या डब्यातली औषधं: घरात ठेवायची कशी, फेकायची कशी

आमच्या अमळनेरकडे ‘औषध’ म्हणजे दोन गोष्टी. एक मेडिकलवर मिळतं ते आणि दुसरं कृषी केंद्रावर मिळतं ते, कपाशीवर मारायचं. ‘त्याने औषध घेतलं’ म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, ‘त्याने औषध पिलं’ म्हटलं की अख्खी गल्ली गाडी शोधायला पळते. शब्द एकच, आणि बऱ्याच घरांत कपाटही एकच.

मी डी.फार्म केलंय, आठ वर्षं झाली मेडिकलच्या काउंटरवर बसते, दिवसभर लोकांना सांगते की ताई गोळ्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका, काका इन्सुलिन उन्हात फिरवू नका, आणि माझ्या स्वतःच्या घरात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या गोळ्या एकत्र कोंबलेल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली. अंगणात निंबाला झोका बांधलेला, बाया गाणी म्हणत होत्या, आम्ही सगळ्या बाहेर. तिचा अडीच वर्षांचा पोरगा कधी आत गेला कळलंच नाही. मी पाणी प्यायला आत आले तर हा कपाटासमोर फतकल मारून बसलेला, डबा उघडा, ओठ लाल, बोटं लाल. मला आधी वाटलं रक्त आहे. मग पाहिलं तर माझ्याच बाळंतपणाच्या वेळच्या लोहाच्या गोळ्या, आशाताईंनी दिलेल्या, उरलेल्या मी टाकून दिल्याच नव्हत्या. पट्टीतली दोन घरं फाटलेली. एक गोळी अर्धी विरघळून फरशीवर पडलेली, दुसरी त्याच्या मुठीत. तोंडात बोट फिरवून पाहिलं, पट्टी पुन्हा मोजली, मग श्वास घेतला. तोवर सासूबाई तांब्याभर मीठपाणी घेऊन हजर, ‘पाज त्याले, उलटी व्हई जाई’. तो तांब्या मी हातातून काढून घेतला, तो किस्सा खाली सांगते. पोराला डॉक्टरांना दाखवलं, काही झालेलं नव्हतं.

लोहाच्या गोळ्या एवढ्यासाठी लिहितेय की त्या खान्देशातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहेत आणि कोणी त्यांना औषध समजतच नाही, ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणतात. गरोदर बाईला १८० दिवस रोज एक लाल गोळी मिळते, शाळा-कॉलेजच्या पोरींना निळी, लहान शाळकरी पोरांना गुलाबी. वरून साखरेच्या गोळीसारखी चकचकीत. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, दहा-बारा किलोच्या लेकराने दहा-बारा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं, आणि यात एक फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तास पोरगं बरं वाटायला लागतं, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर तब्येत ढासळते. म्हणून लोह खाल्लंय अशी शंका जरी आली तरी घरी बसून वाट बघायची नाही.

आधी सगळं बाहेर काढा

त्याच रात्री मी चादर अंथरली आणि घरातलं सगळं औषध तिच्यावर ओतलं. सगळं म्हणजे सगळं, नाहीतर उपयोग नाही. फ्रीजच्या वर, देवाजवळचा कोनाडा, टीव्हीखालचा ड्रॉवर, सासूबाईंची पिशवी, नवऱ्याच्या गाडीची डिकी, शेतातली खोली. आमच्याकडे एकूण अकरा ठिकाणं निघाली! तुमच्याकडे मोजून बघा.

आता एकच नियम धरायचा: ज्याचं नाव वाचता येत नाही किंवा ज्याची तारीख दिसत नाही ते जाणार. ‘ही बहुतेक पोटदुखीची’ हे चालणार नाही. सासूबाई प्रत्येक सुट्या गोळीला ‘फेकू नको वं, कामनी शे’ म्हणत होत्या, मी विचारलं कोणत्या कामाची, तर म्हणे ते आठवत नाही पण कामाची आहे. पांढऱ्या गोल गोळ्या तर शेकड्याने असतात, बीपीची, शुगरची, तापाची सगळी सारखीच दिसते, आणि शुगर नसलेल्या माणसाने शुगरची गोळी खाल्ली तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

तारखेबद्दल एक सांगते. पट्टीवर नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. जूनची एक्सपायरी असेल तर ३० जूनपर्यंत, १ जूनला घाबरून फेकायची गरज नाही.

पण तारीख दिसायला तर पाहिजे. आम्ही मेडिकलवाले पट्टी कापून देतो ना, गोंधळ तिथूनच सुरू होतो. बऱ्याच पट्ट्यांवर बॅच आणि एक्सपायरी एकाच टोकाला छापलेली असते, पहिल्या गिऱ्हाइकाला ते टोक गेलं की उरलेल्या सहा गोळ्या बिनतारखेच्या. तुम्ही स्पष्ट म्हणायचं की दादा, तारखेकडची बाजू मला द्या, किंवा मग पक्कं बिल घ्यायचं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहिलेली असते, ते बिल गोळ्यांना रबर लावून सोबत ठेवायचं. निदान पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो तरी काढा. काउंटरवर गर्दी असली की आम्ही तोंड वाकडं करू, करू द्या.

आणि छापलेली तारीख ही बंद पाकिटाची असते हे लोक विसरतात. पोरांचं पावडरचं अँटिबायोटिक पाणी टाकून हलवलं की त्याचं आयुष्य साधारण आठवडाभराचं, काहींचं त्याहून कमी, खोक्यावर लिहिलेलं असतं. डोळ्यात टाकायचं औषध फोडल्यावर साधारण महिनाभर, मग बाटली अर्धी भरलेली असली तरी नाही. कालवलेलं ओआरएस २४ तास. म्हणून फोडलं की लगेच मार्करने बाटलीवर तारीख टाकायची, मी फ्रीजला दोरीने मार्कर बांधूनच ठेवलाय कारण नाहीतर तो पोरं पळवतात.

काही औषधं स्वतः सांगतात की मी गेलो. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला की ती खराब झालेली असते. कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या, गोळीवर ठिपके आले, सिरपच्या तळाला हलवूनही न विरघळणारा गाळ बसला, तर तारीख पुढची असली तरी बाजूला काढा.

अर्धवट राहिलेलं अँटिबायोटिक हा वेगळाच रोग आहे. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध. डॉक्टरने पाच दिवस दिलेलं, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, दोन दिवसांच्या गोळ्या डब्यात, आणि पुढच्या वेळी शेजारच्या भाभीला ताप आला की ‘आमच्याकडे आहेत ना’. हे नकोच.

ठेवायचं कुठं, आपल्या उन्हात

बहुतेक गोळ्यांवर ‘३० अंशांच्या खाली’ किंवा ‘२५ अंशांच्या खाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं. आता जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका, तिथं ३० कुठून आणणार. मग त्यातल्या त्यात थंड जागा शोधायची. घराची मधली खोली, आतल्या भिंतीतलं कपाट, जिथं ऊन येत नाही आणि चूल-गॅस शेजारी नाही. ज्यांची अजून धाब्याची घरं आहेत ते नशीबवान, त्यांच्या माजघरात दुपारीही गारवा असतो. फ्रीजच्या वर ठेवू नका, तिथं गरम हवा लागते. बाथरूममध्ये वाफ. स्वयंपाकघरात दोन्ही. आणि स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नाही, त्या डिकीत दुपारी हात घालून बघा.

थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असते, तिच्या झाकणाजवळ किंवा आत छोटी पुडी असते ती काढून टाकू नका, ती ओल शोषते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी काचेच्या बाटलीत मिळते, ती त्याच बाटलीत घट्ट झाकून ठेवायची, प्लास्टिकच्या आठ कप्प्यांच्या डबीत टाकली तर तिचा जोर उडून जातो, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ती काम करणार नाही.

आता इन्सुलिन. सासूबाईंना बारा वर्षांपासून शुगर आहे, आणि इथं माझी दुसरी चूक सांगते. आमचा एका दाराचा फ्रीज, मी नवी बाटली फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवली, थंड राहील म्हणून. सकाळी बघते तर आत बर्फाचे सुयांसारखे कण. गोठलेलं इन्सुलिन वितळवलं तरी गेलंच, ते टोचायचं नाही, पूर्ण बाटली वाया. न फोडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात, म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा, फ्रीझरपासून लांब, मागच्या भिंतीला न टेकवता, एका छोट्या डबीत. चालू असलेली बाटली किंवा पेन बाहेर ठेवलं तरी चालतं पण ३० अंशांच्या आत, आणि बहुतेक इन्सुलिन फोडल्यावर २८ दिवस, आपल्या खोक्यातला कागद बघून घ्या. साधं पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्या. जे मुळातच दुधासारखं असतं ते तळहातात हळू फिरवायचं, ताकासारखं हलवायचं नाही, आणि फिरवूनही गाठी राहिल्या तर तेही गेलं.

लाइट गेली तर? फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज काही तास थंडी धरून ठेवतो. आणि ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा शेतावर राहतात त्यांनी माठ वापरावा, हे काही मागासलेपण नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत चालू बाटली, वर ओलं फडकं, आणि माठ सावलीत वाऱ्याच्या वाटेवर. आपल्याकडचं ऊन कोरडं असल्यामुळे पाणी पटापट उडतं आणि माठ चांगला गार होतो, कोकणातल्या दमट हवेत हे एवढं जमत नाही. पण माठ फ्रीजसारखा २ ते ८ अंशांवर जात नाही, म्हणून महिन्यांचा साठा त्यात ठेवायचा नाही, चालू बाटलीपुरताच. बर्फाला मात्र बाटली थेट टेकवायची नाही.

सुईचंही ऐका. बाटलीवर ४० युनिट लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० लिहिलं असेल तर नारंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीच पट डोस जातो. म्हणून दोन्ही प्रकारच्या सिरिंज एका घरात ठेवायच्याच नाहीत. घरात दोघं पेशंट असतील तर दोन वेगळे डबे, वर मोठ्या अक्षरात नाव.

कुलूप

पोरांपासून लांब म्हणजे उंच, हे आपण धरून चालतो. पण पोरं खुर्चीवर चढतात, आणि आजीची पिशवी तर खालीच असते. मी लोखंडी छोटी पेटी घेतली, कुलूप लावलं, चावी देवघराच्या खिळ्याला, मोठ्यांच्या उंचीवर. पाहुणे आले, विशेषतः आखाजी-दिवाळीला माहेरवाशिणी आल्या की त्यांच्या पर्सही वर ठेवायच्या, त्यांच्यातही गोळ्या असतात. आणि पोराला औषध देताना ‘चॉकलेट आहे’ म्हणायचं बंद करा. आम्हीही हेच म्हणायचो.

काही औषधांना कुलूप पोरांसाठी नाही, मोठ्यांसाठी लागतं. कॅन्सरच्या पेशंटचं मॉर्फिन, दुखण्याच्या ट्रामाडॉलसारख्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध. ह्यांचा हिशोब ठेवा, किती आल्या, किती उरल्या, वहीत आकडा. कॉलेजातल्या पोरांना यातलं काय काय ओळखीचं असतं हे आम्हाला काउंटरवर कळतं, तुम्हाला घरात उशिरा कळतं. घरात कोणी खचलेलं असेल, पीक गेलंय, कर्ज आहे, बोलत नाही, तर औषधांची आणि फवारणीच्या औषधांची चावी त्या माणसाकडे नको, दुसऱ्याकडे द्या, भांडण झालं तरी चालेल. बोलायला टेली-मानस आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

फवारणीचं औषध घरात नकोच. शेतातल्या खोलीत कुलपात, मूळ बाटलीत. मूळ बाटलीत हे दोनदा लिहिते. आमचे नाना, म्हणजे सासरे, उरलेलं कपाशीचं औषध थंडपेयाच्या बाटलीत ओतून गोठ्याच्या खिडकीत ठेवायचे, म्हणे कॅन गळतो. खोकल्याच्या सिरपच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल पण पाहिलंय मी लोकांकडे. एवढ्या एका सवयीमुळे चुकून विषबाधा होते, माणूस तहानलेला शेतातून येतो आणि बाटली तोंडाला लावतो. सिरपच्या टोपणाने फवारणीचं औषध मोजू नका, आणि त्या मापाने पोराला सिरप तर नाहीच नाही.

आता मीठपाणी. चुकून काही पोटात गेलं तर मीठपाणी, साबणाचं पाणी, अंडं, बोटं घालून उलटी, यातलं काही करायचं नाही. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, रॉकेल-अ‍ॅसिडने दुसऱ्यांदा जाळ होतो, आणि लेकराला जास्त मीठ पाजणं हे स्वतःच एक विष आहे. १०८ ला फोन, सोबत पट्टी किंवा बाटली न्यायची, रिकामी असली तरी. एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७, चोवीस तास, फुकट. हा पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा.

टाकायचं कसं

चादरीवरचा ‘जाणारा’ ढीग माझ्याकडे दोन पिशव्या भरला. सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे उकिरड्यावर, नाल्यात, संडासात, किंवा पेटवून द्यायचं. चारही चूक आहेत. उकिरड्यावर गाई-बकऱ्या चरतात, कुत्री उकरतात, आणि तेच खत शेतात जातं. नाल्यातलं बोरीला, बोरीतलं तापीला. पेटवलं तर पट्टीतल्या प्लास्टिकचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा धूर आपणच घेतो, शिवाय दम्याच्या पंपासारखा डबा आगीत टाकला तर फुटतो.

नाल्यात एक गोळी टाकल्याने काय होतं असं नाना म्हणाले. मी त्यांना गिधाडांचं विचारलं. ते लहान असताना गावाबाहेर ढोर टाकलं की आकाश काळं व्हायचं म्हणे, आता नातवाला दाखवायला एक नाही. त्याचं कारण एक दुखण्याचं औषध, डायक्लोफेनॅक. जनावराला टोचलेलं, जनावर मेलं, ते मांस खाल्लेल्या गिधाडांच्या किडन्या गेल्या, आणि त्यांच्या तीन जाती ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, मग लोक माणसाच्या इंजेक्शनची मोठी बाटली बैलाला टोचायला लागले म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरपुरती करायला लावली. माणसाचं उरलेलं औषध बैलाला वापरायचं नाही हे तिथूनच शिकायचं.

मग द्यायचं कुठं? तुम्ही म्हणाल मेडिकलवर. आमच्याकडे रोज कोणीतरी पिशवी घेऊन येतं, परत घ्या म्हणतं, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. आम्ही कंपनीला परत पाठवतो तो आमच्याच शेल्फवरचा एक्सपायर माल असतो, पूर्ण पट्ट्या, बॅच जुळलेल्या. तुमच्या घरी उन्हात फिरलेली गोळी परत विकायला घेणं तर गुन्हाच. केरळमध्ये सरकारने ‘एन-प्राउड’ नावाने घरातली जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केलीय, आपल्याकडे गावोगाव अजून तसं काही नाही. तरी विचारायला पैसे लागत नाहीत, काही मोठी हॉस्पिटलं त्यांच्या जैविक कचऱ्यासोबत घेतात. ओळखीने म्हणा, पण घेतात.

नाही घेतलं तर घरगुती पद्धत. गोळ्या-कॅप्सूल पट्टीतून बाहेर काढा, कुटू नका, चूर्ण श्वासात जातं. चहाचा ओला चोथा, राख किंवा माती यात कालवा, सिरपही त्यातच ओता, म्हणजे माणसाला-जनावराला खावंसं वाटणार नाही आणि भंगारवाल्या पोरांना उचलावंसं वाटणार नाही. हे घट्ट पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात बंद, वर कागद चिकटवून ‘जुनी औषधं’ लिहा. चिठ्ठ्या-खोक्यांवरचं पेशंटचं नाव खोडून टाका, कोणाला कोणता आजार आहे हे गल्लीला कळायची गरज नाही. रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापा, बाटल्यांचं लेबल फाडा, बनावट औषधवाल्यांना तशाच बाटल्या लागतात.

२०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत एक्सपायर औषधं, वापरलेल्या सुया, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या आणि कीटकनाशकाचे डबे हा ‘घरगुती घातक कचरा’ धरला होता, ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा. म्हणजे घंटागाडीवाल्या दादाला हातात देऊन सांगायचं की यात औषधं आहेत, गाडीत भिरकवायचं नाही. गावात गाडीच येत नसेल तर डबा बंद करून कुलपातच ठेवा, तालुक्याला जाताना न्या, चार महिने राहिला तरी काही बिघडत नाही.

संडासात टाकायचं नाही म्हटलं त्याला अपवाद आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली, फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम वगैरे, ज्यांचा एकच डोस दुसऱ्याच्या पोटात गेला तर माणूस दगावू शकतो, ती मात्र घरात पडू न देता संडासात टाकून फ्लश करायची. घरातला कॅन्सरचा पेशंट गेला की दहाव्याच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात राहत नाही, मॉर्फिन तसंच उशाशी पडून असतं. जिथून आणलं तिथं आधी परत विचारा. फेंटानिलची दुखण्यावर अंगाला चिकटवायची पट्टी असते, ती अंगावरून काढल्यावरही तिच्यात औषध उरलेलं असतं, चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि लगेच टाकायची, पोरं स्टिकर समजून लावतात.

सुया

हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला, कारण इथं आपलं काही जात नाही, दुसऱ्याचं जातं. सासूबाईंना दिवसातून दोन वेळा टोचायचं, म्हणजे महिन्याला साठ टोचण्या. कंपनी सुई एकदाच वापरायला सांगते. शिवाय शुगर तपासायच्या बोटाच्या सुया. आधी आम्ही टोपण लावून सुक्या कचऱ्यात टाकायचो. एक दिवस घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या मावशींनी मला हात दाखवला, अंगठ्याला कापड गुंडाळलेलं, ‘कोणीतरी सुई टाकेल व्हती’. आमची होती की दुसऱ्याची कोणाला माहीत, पण मला तोंड वर करवेना. त्यांच्याकडे हातमोजे नव्हतेच.

तेव्हापासून जाड प्लास्टिकची बाटली. फिनेलची किंवा संडास धुवायच्या औषधाची रिकामी, धुऊन वाळवलेली, घट्ट झाकणाची. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. टोचून झालं की टोपण परत न लावता सरळ बाटलीत सोडायची, टोपण लावतानाच जास्त वेळा बोटाला लागते. पेनची सुई मात्र तिच्या मोठ्या बाहेरच्या टोपणात धरूनच पिळून काढा, आणि प्रत्येक वेळी काढाच, पेनला लावून ठेवली तर आत हवा जाते आणि इन्सुलिन ठिबकतं. बाटली तीन चतुर्थांश भरली की बंद, झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे, वर ‘सुया, उघडू नका’. ही आम्ही जवळच्या दवाखान्याच्या लॅबला देतो, त्यांची जैविक कचऱ्याची गाडी येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, नाही म्हणाले तर परत एकदा विचारा, सिस्टर सहसा घेतात. बाटली भंगारात कधीही विकू नका.

टोचलीच दुसऱ्याची सुई तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, तोंडाने चोखू नका, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. एचआयव्ही टाळायची औषधं असतात, ती जितक्या लवकर तितकी चांगली, दोन तासांत मिळाली तर उत्तम आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. सोबत कावीळ ब च्या लसीचंही विचारा. मावशींना त्या दिवशी हे कोणी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं तेव्हा चौथा दिवस होता.

उरलेलं पटकन. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, झाडू मारू नका, झाडूने पारा बारीक होऊन पसरतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला, बारीक थेंब चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या बरणीत बंद, आणि तीही घातक कचऱ्यात. सोन्याच्या अंगठ्या आधी काढा, पारा सोन्याला चिकटतो. दम्याचा पंप संपला तरी त्याला भोक पाडू नका. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी प्रत्येक वेळी लगेच बंद करा, दमट हवेने आकडा चुकतो. आणि मीटरमधला किंवा खेळण्यातला तो गोल चपटा सेल बदलला की जुना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून थेट सुयांच्या बाटलीशेजारी वरच्या फळीवर, कारण पोराने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत जळू शकते, तेव्हा केळं खाऊ घालून तो बाहेर येईल म्हणून थांबायचं नाही, सरळ गाडी काढायची.